मामंजींनी ओळखलेलं चित्र

लग्न होऊन मी रहिमतपूरच्या बाजूच्या एका खेड्यात आले तेव्हा विशीत होते. माहेर सांगलीचं. वडील हळदीच्या पेढीवर कारकून होते, आणि मी ड्रॉइंग टीचरच्या कोर्सचं एक वर्ष पुरं केलं होतं. दुसरं वर्ष राहून गेलं, कारण स्थळ चांगलं आलं. मुलगा लष्करात, घरी ऊस, बागायती विहीर, माणसं म्हणाल तर सासू-सासरे दोघंच. "परीक्षा काय, नंतरही देता येईल," असं आई म्हणाली. नंतर म्हणजे कधी, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही.

रजा संपली तसे माझे यजमान जम्मूकडे निघून गेले आणि घरात आम्ही तिघं उरलो. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. अंगानं काटक, आवाज खणखणीत. बोलत असल्या तरी हात रिकामा नसे. शेंगा फोडणं, वाती वळणं, काहीतरी चाललेलंच. सासरे, म्हणजे मामंजी, याच्या अगदी उलट. हवालदार म्हणून निवृत्त झालेले, पाठ ताठ, सकाळी उठल्या उठल्या लिंबाच्या झाडाला आरसा टांगून दाढी करायची आणि मग मळ्यात. बोलणं कामापुरतं. दुसऱ्या महायुद्धात ते इटलीत होते, हे सगळ्या गावाला माहीत होतं. पण त्यापलीकडे कुणालाच काही माहीत नव्हतं. पारावर कुणी फारच खोदून विचारलं तर म्हणायचे, "थंडी लय हुती." आणि उठून चालू लागायचे.

त्या दोघांनी मला कधी जाच केला नाही, हे आधीच सांगते. पण दिवस लांब वाटायचे. सांगलीत मी रोज काहीतरी काढत होते: घाटावरच्या बायका, नावा, बाजारातले हळदीचे ढीग. इथे हातात झाडू नाहीतर पोळपाट-लाटणं. एकदा दुपारी गोठ्याच्या भिंतीला नुकताच चुना दिलेला होता. पांढरीशुभ्र, कोरी भिंत बघून मला राहवलं नाही. चुलीतला विझलेला कोळसा घेतला आणि समोर बसून रवंथ करणारा बैल भिंतीवर उतरवला. उतरवताना इतकी रमले की आत्याबाई मागे येऊन उभ्या राहिल्या ते कळलंच नाही.

"अगं बया, ह्ये कुणी केलं?"

मी कोळसा मागे लपवला. हात काळे, पदर काळा. लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

त्या भिंतीजवळ गेल्या, बैलाकडे बघितलं, मग खऱ्या बैलाकडे बघितलं. "लय झ्याक काढलायस. दिष्ट लागंल की ह्येला," म्हणाल्या, आणि माझ्याच हातातला कोळसा घेऊन चित्रातल्या बैलाच्या कपाळावर एक तीट लावून मोकळ्या झाल्या. तीट जरा मोठीच झाली. पुढे कितीतरी दिवस तो बैल कपाळाला टिकली लावल्यासारखा दिसायचा.

संध्याकाळी मामंजी मळ्यातून आले. बैलांना वैरण टाकताना त्यांनी भिंत बघितली. जेवताना विचारलं, "सूनबाई, ह्ये कुठं शिकलीस?"

मी कोर्सचं सांगितलं. एक वर्ष झालं, एक राहिलं.

"मग देवीच्या डोंगरावर राजाचं चित्रांचं घर हाय, ते बघितलंस का?"

बघितलं नव्हतं. सांगलीत आमचे सर त्या संग्रहालयाबद्दल भरभरून बोलायचे. जवळच्या एका संस्थानाच्या राजाला चित्रांचा नाद होता, तो स्वतःही चित्रं काढायचा, आणि देशोदेशीच्या वस्तू आणून त्यानं डोंगराच्या वाटेवर मोठी इमारत बांधून त्यात मांडल्या होत्या. आमच्या वर्गाची सहल तिथे जायची ठरली होती, पण तोवर माझं लग्न झालं.

"तुम्ही आत गेला आहात?" मी विचारलं.

उत्तर आत्याबाईंनी दिलं. "आमी कशाला जातोय आत? देवीला जायच्या वाटंतच लागतंय. दरसाल भाईरनंच जातो म्होरं. राजाच्या वस्तू त्या. आत पायताणं घालून जायाचं का काढून, ते सुदीक म्हाईत न्हाई."

"औंदा जाऊ आत," मामंजी म्हणाले. "ऊस तुटून गेला की जाऊ."

ऊस कारखान्याला गेला आणि खरंच एका शुक्रवारी आम्ही निघालो. आत्याबाईंनी दशम्या आणि लसणाची चटणी बांधून घेतली, मामंजींनी धुतलेला फेटा बांधला. रहिमतपूरहून एसटी मिळाली. आधी देवी, मग बाकीचं, असं आत्याबाईंनी बजावलं होतं, त्यामुळे पहिल्यांदा डोंगर चढलो, ओटी भरली, आणि उतरताना संग्रहालयाच्या दारात आलो. आत्याबाईंनी चपला काढून हातात घेतल्या. पहारेकरी म्हणाला, "आवं मावशी, घाला की पायात, चालतंय." त्यांनी ऐकलं नाही. सबंध संग्रहालय त्यांनी अनवाणी बघितलं.

पहिल्याच दालनात घोटाळा झाला. तिथे संगमरवरी पुतळे होते, परदेशी थाटाचे, आणि त्यातल्या बऱ्याच जणांच्या अंगावर वस्त्र असून नसल्यासारखंच होतं. आत्याबाईंनी डोळ्यांवर पदर ओढला. "आवं, तुमी म्होरं व्हा बगू! बगत काय ऱ्हायलाय?" मामंजी बिचारे कुठेच बघत नव्हते; ते छताकडे बघत पुढे गेले. मला हसू आवरेना. पदराआडून आत्याबाईंनी एका पुतळ्याकडे पुन्हा एकदा बघितलं आणि हळूच म्हणाल्या, "पर दगडाचं कापड केलंय बग. चुण्या सुदीक पडल्यात." मी बघितलं. खरंच, त्या बाईच्या कमरेवरून घसरलेल्या वस्त्राला ओल्या कापडासारख्या चुण्या होत्या.

पुढच्या दालनांत त्या मोकळ्या झाल्या. रामायण-महाभारताची मोठमोठी चित्रं लागली तेव्हा तर आम्हाला कुणी माहिती सांगायची गरजच उरली नाही. एकेका चित्रासमोर उभ्या राहून त्या गोष्ट सांगायच्या, अगदी कालच शेजारी घडल्यासारखी. द्रौपदीसमोर त्या रागावल्या, सीतेसमोर डोळे पुसले. चंदनाच्या लाकडाची नक्षी त्यांनी वाकून हुंगली. हस्तिदंताच्या कपाटाशी तर आम्ही दोघी किती वेळ होतो कोण जाणे. सुपारीपेक्षा लहान तुकड्यात कोरलेली पालखी, भोई, आत बसलेला माणूस. "ह्ये करणाऱ्याची बायकू त्येला जेवायला हाका मारून मारून दमली आसंल," असं त्या म्हणाल्या. मला पहाडी चित्रांनी धरून ठेवलं. तळहाताएवढ्या कागदावर बाग, कारंजं, गच्ची, गच्चीवर वाट बघणारी बाई, आणि तिच्या ओढणीतून दिसणारं तिचंच कोपर. आमच्या सरांनी अशा चित्रांचे छापील फोटो दाखवले होते. पण फोटोत त्या हिरव्याचा हिरवेपणा आलाच नव्हता, हे मला तिथे कळलं. मी नाक काचेला टेकवून उभी राहिले.

मामंजी हात पाठीशी बांधून, तपासणीला आलेल्या साहेबासारखे एकेका वस्तूसमोर सारखाच वेळ थांबत चालले होते. तलवारी असोत की झुंबरं, तिबेटातल्या मूर्ती असोत की जरीचे शेले, चेहऱ्यावर काही नाही. मला वाटलं, केवळ आमच्यासाठी सोसतायत.

मग परदेशी तैलचित्रांचं दालन आलं. जुन्या इटालियन चित्रांच्या हुबेहूब नकला तिथे लावलेल्या होत्या. आत्याबाई सोनेरी चौकटी बघत होत्या. मी वळून पाहिलं तर मामंजी मागे नव्हते. ते दाराजवळच्या एका चित्रासमोर थांबले होते, आणि हात पाठीशी नव्हते. निळा झगा पांघरलेली एक तरुण बाई, मांडीवर उघडं गुटगुटीत बाळ, मागे खिडकीतून दिसणाऱ्या टेकड्या.

"ही म्हातारीच्या घरात हुती," ते म्हणाले.

"कंच्या म्हातारीच्या?" आत्याबाई जवळ आल्या.

"इटलीत. आमी गोठ्यात ऱ्हायाला हुतो, तितली म्हातारी. चुलीच्या वर हिचा फोटू. रोज सांजच्याला म्होरं दिवा लावायची."

आत्याबाई त्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या. माझ्या समजुतीप्रमाणे, लग्नाला तीसेक वर्षं होऊन गेल्यावर त्यांनी नवऱ्याच्या तोंडून इटलीबद्दल 'थंडी'पलीकडचं हे पहिलं वाक्य ऐकलं.

पहारेकऱ्यानं दारातल्या बाकाकडे बोट दाखवलं. आम्ही तिघं तिथे बसलो, चित्र समोर. मामंजी सांगू लागले, आधी अडखळत, मग सलग.

त्यांची तुकडी डोंगरात होती. लढाईच्या रेषेवरून काही दिवस मागे आणून त्यांना एका खेड्यात ठेवलं होतं. गुडघाभर बर्फ. घरं दगडी, खाली गोठा आणि वर माणसं. मामंजी आणि त्यांचे सोबती गोठ्यात झोपायचे, कारण जनावरांच्या अंगाची ऊब असायची. वर एक म्हातारी आणि तिची सून. घरातले पुरुष कुठे होते ते कळायला मार्ग नव्हता, भाषा कुणाची कुणाला येत नव्हती. म्हातारी गोऱ्या शिपायांना भ्यायची तशी यांनाही भ्यायची. भाकरीचा तुकडा पुढे केला तरी मागे सरकायची.

"गाय हुती येक," मामंजी म्हणाले. "पांढरी फेक. आपल्या खिलारीवाणी, पर थोराड. ती अडली."

"अडली?" आत्याबाई सरसावून बसल्या. "कितवं वेत?"

"आता ते मी कुणाला इचारू? पैलं आसंल. सांजच्यापास्नं कण्हत हुती. म्हातारी तिच्या मानंला मिठी मारून रडाय लागली. सून नुसती हुबी. मी बगितलं, वासराचा येकच पाय भाईर. दुसरा आत दुमडल्याला."

"मग?"

"मग काय? बाह्या वर केल्या. खुणा करून ऊन पाणी मागितलं, हात धुतलं. माजं वडील, आबा, गावाकडं करायचं तसंच केलं. वासरू जरा मागं लोटलं, पाय सरळ केला, आन् गाय कळ देईल तसं वडलं. सोबती मागनं माजी कंबर धरून वडत हुता."

"जगलं का?"

"जगलं की. नाकात गवताची काडी घातल्यावर शिंकलं."

"गोऱ्हा का कालवड?"

"कालवड."

आत्याबाईंनी मांडीवर थाप मारली. "बरं झालं बाई!" त्या इतक्या मोठ्यानं म्हणाल्या की पलीकडच्या दालनातला पहारेकरी डोकावून गेला.

त्यानंतर म्हातारीनं मामंजींचा हात धरून त्यांना वर नेलं. चुलीजवळ बसवलं. मक्याच्या पिठाचं घट्ट, पिवळं काहीतरी लाकडी फळीवर ओतून दिलं. "आपल्या पिठल्यावाणी, पर मीठ न्हाई, तिकाट न्हाई. तरी खाल्लं. लय दिसांनी ऊन खाल्लं." आणि भिंतीवरचा हाच फोटो दाखवून म्हातारी काहीबाही सांगत राहिली. मामंजींना वाटलं, यशोदा आणि किसनदेव. त्यांनी हात जोडले. ते बघून म्हातारीनं त्यांच्या तोंडावरून हात फिरवला. तिथे होते तोवर रोज ती त्यांना 'फिल्यो, फिल्यो' म्हणून हाक मारायची. "मला वाटलं, माजं नावच ठिवलं तिनं. मागनं दुभाष्याकडनं कळलं. पोरा म्हनत हुती."

एवढं सांगून ते थांबले. आत्याबाईंचा हात प्रथमच रिकामा होता. त्या चित्राकडे बघत होत्या.

"त्याच हिवाळ्यात," त्या हळू म्हणाल्या, "हितं हूल उठली हुती. तुमी गेलासा म्हणून."

"म्हाईत हाय मला."

"बाया माजं कुकू पुसाय आल्या हुत्या. मामींनी दारातनंच परत लावल्या. म्हणल्या, सरकारी तार येईस्तवर माज्या सुनंच्या कपाळाला कुणी हात लावायचा न्हाई. महिनाभर मला मळ्यात येकलं सोडलं न्हाई त्यांनी."

ही गोष्ट मामंजींनाही नवीन असावी. ते म्हणाले, "आईनं मला कवा सांगितलं न्हाई."

"तुमी तरी कुटं सांगितलं, म्हातारीनं जेवाय घातलं म्हणून? मी हितं आपली बर्फात पडल्याला मुडदा बगायची डोळ्याम्होरं. ही गाय आदी सांगितली आसती तर?"

"तू इचारलं न्हाईस."

"इचारायचं कसं? तुमी 'थंडी लय हुती' म्हणून उठून जायाचा!"

हे त्या इतक्या फणकाऱ्यानं म्हणाल्या की मामंजी हसले. मोठ्यानं हसताना मी त्यांना तोवर बघितलंच नव्हतं. मग आत्याबाईही हसल्या, आणि डोळ्यांना पदर लावला. मी तिथून उठून दूरच्या चित्रासमोर जाऊन उभी राहिले. काय बघत होते कोण जाणे.

बाहेर झाडाच्या सावलीत दशम्या खाल्ल्या. आत्याबाईंना ते चित्र पुन्हा बघायचं होतं, म्हणून परत आत गेलो. देवीचं कुंकू त्यांच्या पुडीत होतं, ते त्यांना चित्रातल्या बाईला लावायचं होतं. पहारेकऱ्यानं हात जोडले. "मावशी, माझी नोकरी जाईल." "ऱ्हाऊ दे बाबा," म्हणून त्यांनी लांबूनच नमस्कार केला.

त्याच फेरीत मला आणखी एक वस्तू दिसली, जी सकाळी निसटली होती. एका दगडात कोरलेली आई आणि मूल. पण नाक-डोळे नावापुरते, अंग गोल गोल, मूल आईतून फुटलेल्या फांदीसारखं. कुणा विलायती शिल्पकाराचं काम. आत्याबाई म्हणाल्या, "अर्धवट टाकून गेला वाटतं गडी." मामंजींनाही ती आवडली नाही. मला मात्र तिथून हलवेना. का आवडली ते सांगता येत नव्हतं, अजूनही नीट येत नाही. एवढंच की ती बाई वजनदार होती, उचलायला गेलं तर उचलणार नाही अशी, आणि मूल पडेल ही भीती कुठेच नव्हती. मी चारी बाजूंनी फिरून बघत राहिले. आत्याबाई दारात चपला हातात घेऊन उभ्या, मामंजी एसटीची वेळ सांगतायत, आणि मी "आलेच, आलेच" म्हणतेय. शेवटी धावत जाऊन गाडी पकडावी लागली.

गाडीत मामंजी माझ्या पुढच्या बाकावर होते. बराच वेळ गेल्यावर ते मागे वळले. "सूनबाई, ती राह्यलेली परीक्षा. किती दिवसांचं काम हाय ते?"

"एक वर्ष. पण सांगलीला राहावं लागेल."

ते आत्याबाईंकडे वळले. आत्याबाई म्हणाल्या, "माज्याकडं काय बगताय? ती यायच्या आदी काय चूल बंद हुती आपली?"

जूनमध्ये मी सांगलीला गेले. यजमानांचं म्हणणं येईपर्यंत जीव टांगणीला होता, पण त्यांनी बापाचा शब्द प्रमाण मानला. गावात बोलणारे बोलले. लग्न झालेली सून माहेरी पाठवून शिकवतायत म्हणे. आत्याबाईंनी त्यांना काय उत्तरं दिली ती मला शेजारणींकडून तुकड्या-तुकड्यानं कळली, ती सगळी इथे लिहिण्यासारखी नाहीत. सणासुदीला मी येत असे. त्या वर्षी दिवाळीला आल्यावर आत्याबाईंनी मला म्हातारीचं चित्र काढायला सांगितलं. म्हातारी, गाय आणि कालवड. मी म्हातारीला कधी बघितलं नव्हतं. मामंजी शेजारी बसून सांगायचे, मी काढायची. "नाक जरा लांब. हां. डोक्याला काळा रुमाल. न्हाई, गाठ हनुवटीखाली." आत्याबाई मध्येच, "कालवड आईला चिकटून दाव की गं." चित्र माजघरात लागलं. ते काही फार चांगलं नव्हतं. गाय खिलारीच झाली. पण येणाऱ्या-जाणाऱ्याला ती गोष्ट सांगण्याचं काम मामंजींकडे आपोआप आलं. यजमान रजेवर आले तेव्हा त्यांनीही ती पहिल्यांदाच ऐकली. स्वतः फौजी असून बापाला आजवर आपण काही विचारलं नाही, याचं त्यांना फार वाटलं. दोघं बाप-लेक मग पहाटे मळ्याकडे जाताना बोलत जायचे. काय बोलायचे ते आम्ही दोघींनी विचारलं नाही.

कोर्स पुरा झाल्यावर मला जवळच्याच हायस्कुलात चित्रकलेची नोकरी मिळाली. नोकरी लागल्यावर पहिल्याच थंडीत मी मुलांची सहल संग्रहालयात नेली, आणि पुढे दरवर्षी नेऊ लागले. मामंजी सोबत यायचे. मुलं त्यांना सोडायची नाहीत. दरवर्षी बर्फ थोडा वाढायचा, गाय थोडी मोठी व्हायची. एका वर्षी कालवडीला जुळं भावंडही झालं, तेव्हा मात्र मी डोळे वटारले.

सहलीच्या दुसऱ्या दिवशी वर्गात मी मुलांना कागद वाटायची आणि म्हणायची, काल बघितलेलं काहीही एक काढा. एवढं मोठं संग्रहालय, किती देशांच्या, किती काळांच्या वस्तू. पण मला वाटायचं, पोरं सगळी तलवारी आणि वाघनखं काढतील. काही काढायचीच. पण शेतमजुराच्या एका मुलीनं झुंबर काढलं, सगळ्या लोलकांसकट, आणि प्रत्येक लोलकात तिनं वेगळा रंग भरला. लोहाराच्या मुलानं पितळी लामणदिव्याची साखळी तेवढी काढली, कडी न् कडी. एका पोरानं तो दगडातला आई-मुलाचा पुतळा काढला. का काढलास विचारलं तर म्हणाला, "बाई, हे सोपं वाटलं." आणि मग खोडरबर घासत घासत तास संपेपर्यंत मान वर केली नाही. घंटा झाली तरी तो उठेना. मी खिडक्या लावून घेतल्या, त्याच्या उजेडापुरती एक उघडी ठेवली, आणि त्याच्या शेजारच्या बाकावर जाऊन बसले.